खडकाळ किनाऱ्यावर क्वाड्रॅट ठेवण्याआधी

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाचे बारा विद्यार्थी, दोन दिवस, एक खडकाळ किनारा आणि दिलेला विषय ‘किनाऱ्यावरील जैवविविधतेचा अभ्यास’. क्वाड्रॅट (खडकावर ठेवून आतले जीव मोजायची चौकट) किती घ्यायचे, केवढे घ्यायचे, आणि सगळ्या जाती ओळखता आल्या नाहीत तर काय करायचं?

मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना ओहोटीच्या वेळी खडकांवर घेऊन जातो आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. क्वाड्रॅटचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो. ‘जैवविविधतेचा अभ्यास’ हा विषय आहे, प्रश्न नाही. प्रश्न ठरलेला नसेल तर दोन दिवसांनी तुमच्याकडे नावांची यादी आणि चारशे फोटो असतील आणि त्यातून काय सिद्ध झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून निघण्यापूर्वी एका वाक्यात मावेल असा प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ‘खालून वर जाताना लिंपेटचा (खडकाला चिकटून बसणाऱ्या, टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायीचा) आकार बदलतो का?’ किंवा ‘कपारीजवळ आणि उघड्या खडकावर गोगलगायींची दाटी वेगळी आहे का?’ असे प्रश्न छोटे वाटतात, पण दोन ओहोट्यांत त्यांचं प्रामाणिक उत्तर मिळू शकतं.

दोन दिवस म्हणजे प्रत्यक्षात किती वेळ, तेही नीट समजून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर एका ओहोटीपासून पुढची ओहोटी साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. (काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, आणि भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी बऱ्याच भागांत फरक इतका कमी असतो की हे गणित लागूच पडत नाही.) अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा) गेलात तर खालचा पट्टा पाण्याबाहेर येणारच नाही. त्यामुळे तारीख वसतिगृहाच्या सोयीने न ठरवता भरती-ओहोटीची सारणी समोर ठेवून ठरवा.

पाणी तासातासाला सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा असा की सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, मग दोन, मग एक. समजा फरक 3 मीटर आहे. पाणी वळल्यावर पहिल्या तासात ते जेमतेम 25 सेंटिमीटर चढेल, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून दीड मीटर! म्हणजे सर्वांत खालच्या पट्ट्यासाठी तुम्हाला नीचतम ओहोटीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, एवढेच मिळतात. मी नीचतम वेळेच्या दोन-अडीच तास आधी किनाऱ्यावर पोचतो, उतरत्या पाण्यामागोमाग खाली जातो, खालचा पट्टा आधी संपवतो आणि चढत्या पाण्याच्या पुढे राहून वर येतो. उलट क्रमाने काम केलं तर पाणी चढायला लागतं तेव्हा आपण सर्वांत खाली उभे असतो.

सारणीतले आकडे अंदाजाचे असतात. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने वाढला की समुद्राची पातळी साधारण 1 सेंटिमीटरने उतरते, दाब घटला की तेवढीच चढते. किनाऱ्याच्या दिशेने जोराचा वारा असेल तर पाणी सांगितलेल्या पातळीपर्यंत उतरतच नाही. सारणीतली वेळ ज्या बंदराची आहे त्या बंदरात आणि तुमच्या किनाऱ्यावर फरक असू शकतो, तो आधी तपासा.

आता पहिला तास. या तासात क्वाड्रॅट, टेप, वही सगळं पिशवीतच राहू द्या. सगळ्यांनी मिळून वरपासून खालपर्यंत सावकाश चालायचं आणि नुसतं बघायचं. खडकाचा रंग कुठे बदलतो? काळसर पट्टा, मग बार्नॅकलचा (खडकाला कायमचे चिकटलेले, कवचातले छोटे प्राणी) करडा-पांढरा पट्टा, मग मसल (शिंपल्यांचा एक प्रकार) किंवा शेवाळाचा गर्द पट्टा, असं काहीतरी बहुधा दिसेल. टी. ए. स्टीफन्सन आणि अ‍ॅन स्टीफन्सन या दांपत्याने दक्षिण आफ्रिकेचे किनारे पालथे घातले, नंतर जगभरचे किनारे ताडून पाहिले, आणि 1949 मध्ये मांडलं की जाती बदलल्या तरी ही तीन पट्ट्यांची रचना पुन्हा पुन्हा दिसते: वर बारीक गोगलगायी आणि काळा थर, मध्ये बार्नॅकल, खाली मोठी शेवाळं किंवा उष्ण समुद्रात प्रवाळ आणि चुनखडी शेवाळं. तुमच्या किनाऱ्यावर ही रचना कुठे जुळते आणि कुठे मोडते, ते बघा. जिथे ती मोडते तिथेच चांगला प्रश्न सापडतो. एखाद्या घळीत बार्नॅकल दोन हात वर का चढलेत? लाटांचे शिंतोडे तिथे उंच उडत असतील, किंवा दुपारची सावली पडत असेल. लाटांचा मारा जास्त असलेल्या खडकावर सगळेच पट्टे वर सरकतात आणि रुंद होतात, त्यामुळे ‘उंची’ या एका आकड्यात सगळं सामावत नाही.

पट्टे दिसले की मुलं लगेच कारण सांगतात. ‘वर ऊन लागतं म्हणून अमुक प्राणी तिथे नाही.’ इथे मी त्यांना थांबवतो. पट्ट्याची नोंद दोन दिवसांत होते, कारणाला दोन दिवस पुरत नाहीत. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमधल्या कम्ब्रे बेटावर मिलपोर्टजवळ बार्नॅकलच्या दोन जातींवर काम केलं, ते 1961 मध्ये प्रसिद्ध झालं. वरच्या पट्ट्यात थॅमॅलस, खाली बॅलेनस. बघणाऱ्याला सहज वाटेल की थॅमॅलसला खालचं पाणी सोसत नसावं. कॉनेल यांनी थॅमॅलस बसलेले दगडच उचलून खाली नेले आणि प्रत्येक दगडाच्या अर्ध्या भागावरचे बॅलेनस काढत राहिले. जिथे बॅलेनस काढले तिथे थॅमॅलस खालीही नीट जगले. जिथे ठेवले तिथे बॅलेनसने त्यांना झाकलं, खालून उचकटलं, दोन्ही बाजूंनी चेपलं. थॅमॅलसची खालची हद्द शेजाऱ्याने आखलेली होती, बॅलेनसची वरची हद्द मात्र मुख्यत्वे कोरडेपणाने. नुसते क्वाड्रॅट मोजून हे कधीच कळलं नसतं.

या कामाला एक पुरवणी आहे आणि ती तुमच्या तिसऱ्या शंकेचं, जाती ओळखता न येण्याच्या, उत्तर देते. कॉनेल यांनी ज्याला थॅमॅलसची एकच जात मानलं होतं, त्या दोन जाती आहेत हे 1976 मध्ये अ‍ॅलन साउथवर्ड यांनी दाखवलं. इतक्या नावाजलेल्या प्रयोगातही जातीची ओळख पुढे बदलू शकते, तर तुम्हाला सगळं जातीपर्यंत ओळखता आलं नाही यात लाजण्यासारखं काही नाही. खात्री असेल तिथपर्यंतच नाव लिहा. ‘लिंपेट, बरगड्या ठळक, प्रकार अ’ ही नोंद चुकीच्या लॅटिन नावापेक्षा कितीतरी मोलाची. अट एवढीच की बाराही जणांनी ‘प्रकार अ’ एकाच प्राण्याला म्हटलं पाहिजे, आणि त्याचे वरून, बाजूने, जमलं तर खालूनही मोजपट्टीसकट फोटो हवेत.

हे म्हणताना मला एक जुनी फेरी आठवते. माझ्या एका तुकडीत वरच्या पट्ट्याची मोजणी एका मुलीने केली आणि मधल्या पट्ट्याची एका मुलाने. निकाल सुरेख आला: बारीक गोगलगायी वर भरपूर, मध्ये जवळजवळ नाहीतच. संध्याकाळी बोलताना कळलं की ती मुलगी मेलेल्या बार्नॅकलच्या रिकाम्या कवचांत टोकदार काडी घालून आत बघत होती, कारण तांदळाच्या दाण्याहून लहान गोगलगायी तिथे दडून बसतात. मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही मोजला होता तो दोन माणसांमधला फरक. दोष माझा होता. तेव्हापासून माझा नियम आहे: पहिला क्वाड्रॅट सगळ्यांनी, एकमेकांना न सांगता, तोच मोजायचा. मग आकडे शेजारी शेजारी मांडायचे. बार्नॅकलचं आच्छादन (चौकटीचा किती भाग त्यांनी व्यापला आहे ते) एकाचं 30 टक्के आणि दुसऱ्याचं 65 टक्के निघेल, निघतंच. का, ते तिथेच खडकावर बसून बोलायचं आणि नियम ठरवायचे. त्यानंतर मोजणारे पट्ट्यांमध्ये फिरवायचे. कोणताही पट्टा एकाच माणसाच्या नावावर राहता कामा नये.

क्वाड्रॅटचा आकार प्राण्यावरून ठरतो. लिंपेट, मसल, मोठ्या गोगलगायींसाठी 50 बाय 50 सेंटिमीटरची चौकट ठीक. तिला आडव्या-उभ्या चार-चार दोऱ्या बांधल्या की 25 घरं होतात, प्रत्येक घर 4 टक्क्यांचं, म्हणजे आच्छादनाचा अंदाज सोपा जातो. बार्नॅकल मोजायला मात्र 5 बाय 5 सेंटिमीटरची चौकट पुरते. मोठी घेतलीत तर हजारभर मोजत बसाल आणि तोवर पाणी येईल. शेवाळ असेल तर आधी वरच्या झुलत्या शेवाळाचं आच्छादन लिहा, मग ते हलक्या हाताने बाजूला सारून खालच्या खडकावरचं. दोन्ही मिळून 100 टक्क्यांच्या वर जातील, जाऊ द्या. चौकटीच्या कडेवर आलेल्या प्राण्यांचं काय, तेही आधीच ठरवा: वरच्या आणि डाव्या कडेवरचे धरायचे, उरलेल्या दोन कडांवरचे सोडायचे.

क्वाड्रॅट फेकून टाकायचा नाही. फेकणारा नकळत सोयीच्या, सपाट, प्राण्यांनी भरलेल्या जागेकडेच फेकतो, शिवाय चौकट कुणाला लागते ती वेगळीच. एकाच उंचीवर, पाण्याच्या काठाला समांतर 20 मीटरचा टेप अंथरा आणि आधीच छापून आणलेल्या यादृच्छिक आकड्यांनुसार चौकट ठेवा. आकडा डबक्यात पडला तर? ‘उघडा खडक’ हाच तुमचा अधिवास ठरला असेल तर तो सोडून पुढचा आकडा घ्या आणि सोडल्याची नोंद करा. डबकी, कपारी आणि उघडा खडक एकाच सरासरीत मिसळू नका, ती वेगवेगळी जगं आहेत.

आता आकडा. समजा तुमचा प्रश्न लिंपेटच्या आकाराचा आहे. किनाऱ्याचे तीन वेगळे तुकडे निवडा, प्रत्येकात तीन उंच्या, प्रत्येक उंचीवर सहा क्वाड्रॅट. एकूण 54. तिघातिघांचे चार गट आणि क्वाड्रॅटला दहा मिनिटं धरली तर रोज 27 होतात, म्हणजे एका गटाला सुमारे सत्तर मिनिटांचं काम. पहिला तास बघण्यात घालवूनही हे बसतं. फक्त एक तुकडा पहिल्या दिवशी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी असं करू नका. प्रत्येक तुकड्यातल्या प्रत्येक उंचीवरचे तीन क्वाड्रॅट आज, तीन उद्या घ्या, नाहीतर दिवसांतला फरक जागेच्या फरकात मिसळेल. तुकडे तीन का, एकच का नको? कारण एका खडकावर पन्नास क्वाड्रॅट घेतले तरी तुम्हाला त्या एका खडकाबद्दलच कळतं. 1984 मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या चुकीला (एकाच जागेच्या मोजण्या वेगवेगळ्या जागांच्या म्हणून धरण्याच्या) स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं, आणि किनाऱ्यावरच्या विद्यार्थी-प्रकल्पांत ती मला अजूनही सर्वाधिक दिसते. एक लाटांचा किनारा आणि एक शांत किनारा घेऊन ‘लाटांमुळे फरक पडतो’ असं लिहिणं हे तिचं नेहमीचं रूप. दोन किनाऱ्यांत लाटांखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या असतात.

उंची डोळ्यांच्या अंदाजाने लिहू नका. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल-नळी आणि खुणा केलेल्या दोन काठ्या एवढ्यात काम होतं. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत येतं, दोन काठ्यांवरच्या खुणांतला फरक म्हणजे उंचीतला फरक. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, तेवढं बघा. शांत दिवशी नीचतम ओहोटीच्या वेळी पाणी कुठे आहे ती खूण पकडून वर मोजत गेलात की सारणीतल्या उंचीशी जोडता येतं.

नोंदीत ‘शून्य’ आणि ‘बघितलं नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. शोधून सापडला नाही तर 0, शोधलाच नाही तर आडवी रेघ. रिकामं घर सोडलं तर महिन्याभराने दोन्ही सारखेच दिसतात. पेन्सिल वापरा, शाई पसरते. प्रत्येक फोटोत ठिकाण-उंची-क्वाड्रॅट क्रमांकाची चिठ्ठी हवी. आणि तक्ते त्याच रात्री संगणकात उतरवा, ज्याने लिहिलं त्याच्या शेजारी बसून.

खडकाच्या तापमानाचीही नोंद करा, वेळेसकट. ओहोटी दिवसा कोणत्या प्रहरी येते यावर प्राण्याला किती भाजतं ते ठरतं. ब्रायन हेल्मथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मसलचं तापमान अभ्यासून 2002 मध्ये दाखवलं की दक्षिणेकडे गेलं की उष्णतेचा ताण वाढतोच असं नाही. उत्तरेकडच्या काही ठिकाणी उन्हाळ्यातली ओहोटी ऐन दुपारी येते, म्हणून तिथले मसल जास्त तापतात. जून 2021 च्या अखेरीस त्याच किनाऱ्याच्या उत्तर भागात उष्णतेची लाट आणि दिवसाची खोल ओहोटी एकत्र आली आणि मसल, बार्नॅकल अतोनात मेले.

किनाऱ्यावर तुमच्या हातून होणारं नुकसानही मोजण्याजोगं असतं. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात आणि वरचं शेवाळ अंधारात कुजतं. लिंपेट उचकटू नका. त्याचं कवच त्या जागेच्या खडकाला अचूक बसेल असं घडलेलं असतं, काढलेला प्राणी परत ठेवला तरी बरेचदा जगत नाही. जागेवरच कॅलिपरने लांबी मोजा. नमुने गोळा करण्याची परवानगी नसेल तर फोटोवर भागवा, असली तरी कमीत कमी घ्या. एक प्राणी काढल्याने किती फरक पडतो असं कुणी विचारलं तर रॉबर्ट पेन यांचा प्रयोग सांगा. 1963 पासून त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या मकॉ बेमध्ये सुमारे आठ मीटर लांबीच्या खडकावरून फक्त पिझॅस्टर हे तारामासे हटवत ठेवले. मसलना खाणारं कुणी उरलं नाही, मसल पसरत गेले, आणि 1966 च्या निबंधात त्यांनी लिहिलं की तिथल्या 15 जातींच्या 8 झाल्या. ‘कीस्टोन’ जाती (जिच्या असण्यावर बाकीच्या अनेक जाती टिकून असतात अशी जात) हा शब्द त्यांनी 1969 मध्ये याच अनुभवातून वापरला.

सुरक्षिततेबद्दल मी कठोर आहे. तीन जणांच्या गटात एक मोजतो, एक लिहितो, तिसऱ्याची नजर समुद्रावर आणि घड्याळावर, आणि ही कामं फिरती. समुद्राकडे पाठ करून कुणीही बसत नाही; दहा लाटा लहान आल्या म्हणून अकरावी लहान येईल असं नसतं. वरच्या पट्ट्यातला काळा थर ओला झाला की तो हिरव्या शेवाळाहूनही निसरडा होतो, आणि बहुतेक मुलं पडतात ती तिथेच, समुद्रापासून लांब, बेसावध असताना. परतीची वाट आधी बघा: पाणी पुष्कळदा समोरून न येता मागच्या घळीतून येतं आणि खडकाचं बेट करतं. न दिसणाऱ्या कपारीत बोटं घालू नका, आणि उष्ण समुद्रात शंकूच्या आकाराचे सुंदर शंख जिवंत असताना हातात धरू नका, त्यातल्या काहींचा दंश माणसाला मारू शकतो. काम थांबवण्याची वेळ आदल्या रात्री ठरते आणि किनाऱ्यावर ती बदलली जात नाही, तीनच क्वाड्रॅट राहिले असले तरी.

एक काम मात्र प्रश्नाबाहेरचं असलं तरी करा, मी प्रत्येक तुकडीकडून करून घेतो. पहिल्या दिवशी वीस लिंपेट निवडा, कवचावर नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि शेजारच्या खडकावर, कवचाच्या कडेला लागून, तसाच दुसरा. क्रमांक आणि फोटो घ्या. पाणी चढलं की अनेक जातींचे लिंपेट चरायला निघतात आणि पुन्हा आपल्याच जागी, आपल्याच कवचाने खडकात कोरलेल्या खळग्यात येऊन बसतात, तेही त्याच दिशेला तोंड करून. सगळ्या जाती मात्र परतत नाहीत. दुसऱ्या दिवशी टेप अंथरण्याआधी हे वीस शोधा. जे परतले नसतील ते ठिपक्यापासून किती लांब गेले ते मोजा, आणि जे सापडणारच नाहीत त्यांच्यापुढे शून्य न लिहिता आडवी रेघ ओढा.